रविवारी बंद

११ जुलै

दादा,

पत्राच्या सुरुवातीला सा. न. वि. वि. लिहायची पद्धत आहे, पण मी तुझ्यावर रागावलेली आहे, त्यामुळे नुसतं दादा. तुझा पत्ता आत्याकडून घेतला. माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस, म्हणून पोस्ट. पाकीट निदान हातात तरी घ्यावं लागेल. मग फाड नाहीतर फेक, तुझी मर्जी.

तर बातमी अशी की तुझी बहीण या वयात परत विद्यार्थिनी झाली आहे. मीडिया आणि वेब डिझाइनचा कोर्स. दुपारचं जेवण उरकलं की दुकान बाबांच्या हवाली करायचं, दोन बस बदलायच्या आणि एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसायचं. खाली कुणाची तरी दाढ कोरत असतात आणि वर आम्ही रंग जुळवत असतो. माझ्या खुर्चीचं एक चाक गायब आहे. वर्गातली सगळी पोरं नुकती मिसरूड फुटलेली. पहिल्या दिवशी मी दारातून आत आले तर एकजण चटकन उभा राहिला आणि गुड आफ्टरनून मॅडम म्हणाला. तेव्हापासून माझं नाव मॅडम पडलंय. खऱ्या मॅडमना आम्ही समासबाई म्हणतो, कारण त्यांना सगळ्यात समास कमी दिसतो.

या बाईंचा एक नियम आहे. प्रत्येक प्रोजेक्ट झाला की मनोगत लिहून द्यायचं: काय केलं, काय फसलं, काय कळलं. मागच्या बॅचने म्हणे सगळ्यांनी 'या प्रोजेक्टमधून खूप काही शिकायला मिळालं' असं लिहून दिलं होतं, तर बाईंनी गठ्ठाच्या गठ्ठा परत केला. आम्हाला त्या म्हणाल्या, "ज्याला या विषयातलं ओ की ठो कळत नाही आणि जो तुमचं उगाच कौतुक करणार नाही, असा एक माणूस शोधा आणि त्याला लिहा." मला दुसरं कुणी सुचलंच नाही. एक प्रत बाईंना, एक तुला.

पहिला प्रोजेक्ट पोस्टरचा होता. घरात सतत कानावर पडणारं एक वाक्य घ्यायचं आणि फक्त अक्षरांमधून ते उभं करायचं, चित्र नाही. मी काय घेतलं असेल सांग. 'रविवारी बंद.' आठवतं ना? त्या शिंपीणबाई दुरुस्तीचं मशीन हातगाडीवर घालून थेट घराशी आल्या होत्या, लग्नाचे कपडे अडकलेत म्हणून. आई तेव्हा होती, ती मागून म्हणत होती, अहो, निदान बघा तरी. आणि बाबा खिडकीतून, "आज रविवार आहे. उद्या या." बस्स. शिलाई मशीन म्हणजे काय कुणाचा जीव आहे का, असं वर. मी काळी जाड अक्षरं घेतली, कागदभर, कडेपासून कडेपर्यंत. समासबाई म्हणाल्या, "याला श्वास घ्यायला जागाच नाही." मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. सगळे हसले. मी काही विनोद केला नव्हता.

बाबा ठीक आहेत.

खरी बातमी आता सांगते, कारण मुद्द्यावर यायला मला नेहमीच वेळ लागतो. बाबा वर्षअखेरीला दुकान बंद करणार आहेत. किल्ली मालकाला परत. मला कोर्सला त्यांनीच घातलं, म्हणाले, दुकान संपलं की तुझ्या हाताशी काहीतरी हवं. हे त्यांनी चहात बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं. मला दुकानाचं फारसं काही वाटत नाही, दादा, मी कंटाळलेय त्याला. पण शटर कायमचं पडायच्या आधी एकदा तू त्या दारात उभा राहावंस आणि बाबांनी तुला बघावं, एवढं मला हवंय. दुसरं काही मागत नाही.

तुझी,
मॅडम

८ ऑगस्ट

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की माझी मान आपोआप वळते. या मानेचं काय करू सांग.

दुसरा प्रोजेक्ट झाला. दोन मिनिटांची फिल्म. काम करणारा एक माणूस, बोलणं अजिबात नाही, फक्त हात आणि आवाज. वर्गातल्या निम्म्यांनी खालच्या दंतवैद्याला धरलं, बिचारा वैतागला. मी बाबांना घेतलं. बाबा आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, तोंड दिसणार नसेल तर कर. मग स्वतःच भांग पाडून आले.

एक जुनं पायडलचं मशीन आलं होतं, खालचा दोरा गुंतत होता. मी मोबाइल स्टँडवर लावला आणि बाजूला बसले. बाबांनी झाकण उघडलं, बॉबिन बसते ते शटल काढलं, फुंकर मारली, तेलाचे थेंब सोडले. सगळं तुला डोळे मिटून दिसेल असं. मी त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर होते आणि मला काही वेगळं दिसलं नाही. रोज बघणाऱ्याला दिसत नाही, हे खरंच असतं.

वर्गात ते मोठ्या पडद्यावर लावलं. शटलच्या बारीक स्क्रूशी बाबांचा हात आला. पेचकस खाचेत बसेना. घसरला. परत लावला, परत घसरला. पडद्यावर तो हात दाराएवढा मोठा दिसत होता आणि थरथरत होता. माझ्या शेजारी बसणारी मुलगी, जी कानावरचे हेडफोन कधी उतरवत नाही (आम्ही तिला हेडफोनच म्हणतो), तीसुद्धा वर बघायला लागली. एका पोराने विचारलं, "कॅमेरा हलला का, मॅडम?" मी म्हटलं, हो, हलला. समासबाईंनी वहीत लिहिलं, स्टँड वापरावा.

कॅमेरा स्टँडवरच होता, दादा.

मागच्या पत्रात 'बाबा ठीक आहेत' लिहिलं ते खोटं नव्हतं, मला माहीत नव्हतं इतकंच. नाही, तेही पूर्ण खरं नाही. गेले कितीतरी दिवस बाबा मला म्हणतात, "जरा धर गं." मी सुईची दांडी नाहीतर स्क्रूचं टोक चिमट्याने धरते, ते पेचकस फिरवतात. दर वेळी अशा सुरात म्हणतात की आजच्यापुरतंच आहे. मीही आजच्यापुरतं म्हणून धरते. एका मशीनला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की बाबा चिडतात, चिडले की हात जास्त हलतो, आणि मग ते मला ओरडतात की तू उजेड अडवतेस.

फिल्म घरी बाबांना दाखवली. दाखवायची नव्हती, पण त्यांनी दोनदा विचारलं. पूर्ण बघितली. मग चष्मा पुसत म्हणाले, "मशीनचा आवाज चांगला आलाय."

मनोगतात काय कळलं ते लिहायचं असतं. मी दमलेय, हे कळलं. घर, दुकान, दोन बस, आणि वर ही फिल्म. तू असतास तर निदान स्क्रू तू धरला असतास आणि मी दांडी मारून आडवी झाले असते.

तुझी बहीण

५ सप्टेंबर

दादा,

आता वेबसाइट. हा मोठा प्रोजेक्ट, शेवटपर्यंत चालणारा. एखाद्या खऱ्या व्यवसायाची साइट करायची आणि ती खरोखर चालू करायची. हेडफोन तिच्या मामाच्या जिमची करतेय. मी दुसरीकडे कुठे जाऊ? बाबांना विचारलं.

"कशाला? बंद करायचंय ते दुकान."

"मला मार्क हवेत, बाबा."

"मग कर. मार्कांपुरतं कर."

साइटच्या अगदी वर दुकानाचं नाव लागतं, म्हणून पाटीचा फोटो काढायला मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. रोज त्या पाटीखालून जाते, पण समोरून कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. निळी पाटी, बाबांचं नाव, आणि खाली तो हिरवा पट्टा. दाराचा उरलेला रंग होता तो. जे झाकायचं होतं तेच पलीकडच्या फुटपाथवरून सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं. पाटी रंगवणाऱ्याने तिथे 'आणि चिरंजीव' लिहिलं तेव्हा तू शिडी धरून उभा होतास आणि तुझे कान लाल झाले होते, ते मला अजून आठवतं.

बाईंसाठी आणि तुझ्यासाठी जे झालं ते एकदा सरळ लिहून टाकते. या घरात त्यावर कुणी बोलतच नाही, मला वाटतं आता आम्ही ते विसरू आणि फक्त भांडण उरेल. कुणीतरी भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन घेऊन आलं होतं. तू ते काम बाहेर कुठेतरी जाऊन, बाबांना न सांगता शिकत होतास. झाकण काढलंस, आतली सर्किटची पट्टी हातात घेतलीस, आणि बाबा मागून आले. गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "हात काढ. जे येत नाही त्यात हात घालू नकोस." तू म्हणालास, येतं मला. बाबा म्हणाले, "इथे मी सांगेन कुणाला काय येतं ते." तू पेचकस खाली ठेवलास, फडक्याला हात पुसलेस आणि निघून गेलास. बाबांनी रात्री तुझं ताट वाढायला लावलं होतं. आठवड्याने 'आणि चिरंजीव'वर हिरवा रंग फासला. तुमच्या दोघांपैकी जास्त गाढव कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर साइटवर मी फक्त बाबांचं नाव लिहिलं आणि खाली तेवढीच जागा रिकामी सोडली. समासबाई म्हणाल्या, "इथे भोक पडल्यासारखं वाटतंय." पहिल्यांदाच त्यांना कुठे तरी जास्त जागा दिसली. मी म्हटलं, असू द्या, बाई.

बाकीचं पान डमीवर उभं आहे. डमी म्हणजे, मजकूर तयार नसला तरी थांबायचं नाही, काहीही भरायचं, पान कसं दिसतं ते बघायचं आणि शेवटी डमी काढून खरं घालायचं. हेडफोनने सगळीकडे 'अबक अबक' भरलंय. मला ते जमेना. मी लिहिलं, 'हसतमुख सेवा'. आपले बाबा! मग लिहिलं, 'सर्व प्रकारची शिलाई मशीन दुरुस्त होतील, कॉम्प्युटरवालीसुद्धा.' हसू आलं म्हणून ठेवलं. फोन नंबरच्या चौकटीत बोटांना आला तो नंबर टाकला. वेळ: दहा ते सात. रविवारी बंद. वेळ आणि रविवार, तेवढं काय ते खरं.

बसमध्ये उभ्या उभ्या झोप लागते हल्ली. परवा माझा थांबा गेला.

बहीण

३ ऑक्टोबर

दादा,

साइट दिली एकदाची. कशी दिली ते मात्र विचारू नकोस.

त्या दिवशी सकाळभर बाबांना घेऊन डॉक्टरकडे होते. मीच बळेबळे नेलं. हातांची तपासणी झाली, बोट नाकाला लावा, कागदावर गोल काढा. बाबांनी काढलेला गोल बघून मला रडू यायला लागलं आणि बाबा डॉक्टरांना म्हणाले, "पेन बरं नाही तुमचं." गोळ्या दिल्यात. हळूहळू वाढत जाणारं आहे, जिवाला धोका नाही, पण बारीक काम कमी करा असं सांगितलंय. बारीक काम कमी करा म्हणजे काय करा? त्यांना दुसरं येतं काय?

तिथून धावतपळत वर्गात पोहोचले तर सगळ्यांचं देऊन होत आलेलं. नियम असा की साइट देण्याआधी जोडीदाराने प्रत्येक बटण दाबून बघायचं, नंबर लावून बघायचा. हेडफोन म्हणाली, "मॅडम, तुमचा चेहरा बघून घ्या आधी आरशात," आणि सगळ्या चौकटींवर धडाधड बरोबरच्या खुणा करून मोकळी झाली. मीही तिच्या केल्या. साइट चालू झाली.

शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांना इतका आनंद झाला की त्यांनी ती त्यांच्या ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर टाकली. मी दुकानातल्या फोनकडे बघत बसले. फोन मुका. दिवसच्या दिवस एक फोन नाही. बाबांनी एकदाही 'बघ, सांगितलं होतं' म्हटलं नाही, नुसतं फोन उचलून लागतोय का ते बघितलं आणि परत ठेवला. ते जास्त लागलं. गंमत म्हणजे गिऱ्हाइकं मात्र थोडी वाढली आहेत. हवेचा गुण असेल.

आणि मग त्या बुटीकवाल्या बाई आल्या. टॅक्सीतून, डोक्यावर गॉगल, सोबत भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन. बाबा म्हणाले, हे आम्ही करत नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या साइटवर तर लिहिलंय. बाबांनी माझा फोन हातात घेतला, चष्मा वर-खाली केला आणि वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. डमी आहे ते, बाबा. काढायचं राहिलं."

"म्हणजे खोटं."

"खोटं नाही, डमी."

"खोट्याला कोर्समध्ये डमी म्हणतात होय? मग फी कशाची भरली आपण?"

बाई काही मशीन परत न्यायला तयार होईनात. एवढं जड धूड परत कोण उचलणार, राहू दे इथे, बघा जमलं तर, म्हणून निघून गेल्या. आता ते मधल्या टेबलावर चादर पांघरून बसलंय. बाबा त्याला हात लावत नाहीत. येता-जाता वळसा घालून जातात. काल मात्र मी बसवरून आले तर चादरीचं एक टोक वर केलेलं होतं.

मी वर्गात बसून ती ओळ काढायला हवी होती. काढली नाही. अंगात त्राणच नव्हतं.

बहीण

१७ ऑक्टोबर

दादा,

अरे गाढवा.

काल सकाळी एक शिंपीणबाई आल्या. नव्या आहेत, बाजाराच्या मागे बसतात. मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मला घाई नाही बरं का, सावकाश होऊ दे. तुमच्या मुलाने फोनवर सगळं सांगितलंय."

बाबा म्हणाले, "कुठला मुलगा?"

"म्हणजे काय? तुमच्या साइटवर नंबर आहे ना त्यांचा. फार नीट बोलतात हो. म्हणाले, दहाला उघडतं, सकाळच्या उजेडात घेऊन जा. बाबांना घाई करू नका, मशीन ठेवून या. बारीक स्क्रूचं काम असेल तर माझी बहीण धरते आणि बाबा फिरवतात, वेळ लागेल, पण काम एक नंबर होईल. आमच्या जावेलाही असंच सांगितलं त्यांनी."

बाबांच्या हातात तेलाची कुपी होती. ती त्यांनी खाली ठेवली. पावती करायची असते तेही विसरले, मीच केली. बाई गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या हाताचं त्याला कुणी सांगितलं?"

"मी. पत्रातून."

"उत्तर देतो?"

"नाही."

मग मी फोन काढून साइट उघडली. डमी नंबर. तुझा नंबर, दादा. मला एवढा एकच नंबर पाठ आहे रे. दुकानाच्या पावत्यांवर तोच छापलेला असायचा, शाळेतून आले की गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना तोच सांगायचे मी, गाण्यासारखा. तुझ्या मोबाइलचा तो, जाताना तू सोबत घेऊन गेलास, माझ्या बोटांना कुणी कळवलं नाही.

म्हणून दुकानातला फोन मुका होता. सगळे तुलाच फोन करत होते. आणि तू माझा फोन उचलत नाहीस, सख्ख्या बहिणीचा, पण गावभरच्या शिंपिणींचे फोन उचलतोस! किती आले असतील? कामावर असताना येत असतील, जेवताना येत असतील. एकालाही 'राँग नंबर' म्हणाला नाहीस. एकदा म्हणाला असतास तरी सगळं संपलं असतं. सगळ्यांना वेळ सांगत बसलास, उजेड कधी चांगला असतो ते सांगत बसलास. माझी पत्रं वाचतोस, आणि मला एक ओळ लिहायला तुझे हात मोडतात?

वर्गात जाऊन मी बाईंना खरं काय ते सांगितलं. सांगता सांगता रडले, भर वर्गात, या वयात. हेडफोनने हेडफोन काढून गळ्यात अडकवले आणि माझी पाठ थोपटली. समासबाईंनी नाक शिंकरलं आणि मग नियमाप्रमाणे मार्क कापले: संपर्क क्रमांक चुकीचा, पुढच्या आठवड्यात दुरुस्त करून दाखवा.

मी नंबरच्या चौकटीवर जाऊन बसले आणि तो खोडणं मला होईना. घरी येऊन बाबांना विचारलं, काय करू, बदलू का? ते पोळीचा तुकडा घेऊन बसले होते.

"नाही बदललास तर?"

"मार्क जातील."

"जाऊ देत," बाबा म्हणाले.

बहीण

२४ ऑक्टोबर

दादा,

हे शेवटचं मनोगत. प्रोजेक्टमध्ये काय दुरुस्त केलं ते लिहायचं आहे. तुला यातलं निम्मं माहीत आहे, पण तू त्या टोकाला होतास, म्हणून या टोकाचं सांगते.

काल सकाळी बाबांनी दुकान उघडलं, झाडलं आणि कॉम्प्युटरवाल्या मशीनवरची चादर काढून घडी करून ठेवली. मी म्हटलं, बाबा, हात नका लावू, बुटीकवाल्या बाई जीव घेतील. म्हणाले, "मी कशाला हात लावतो? मला येत नाही ते." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग झेरॉक्सवाल्या काकांकडे गेले आणि त्यांचा मोबाइल मागून आणला. माझा का नको ते मी विचारलं नाही. माझा तू उचलत नाहीस हे त्यांनाही माहीत आहे. दुकानातलाही घेतला नाही.

"तो नंबर सांग साइटवरचा," म्हणाले.

मी सांगितला. पूर्वीसारखा, गाण्यासारखा. त्यांनी एकेक आकडा दाबला, दोनदा चुकले, मी मध्ये पडले नाही. फोन कानाला लावला आणि उभे राहिले. बसून बोलता आलं असतं, पण उभे राहिले. तू उचललास तेव्हा त्यांनी घसा साफ केला. तू काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. मी ऐकलं ते एवढंच:

"हॅलो. हां. शिलाई मशीनचं दुकान ना? आमच्याकडे एक मशीन आलंय. भरतकामाचं. कॉम्प्युटरवालं. इथे कुणाला येत नाही ते. तुम्हाला येतं का?"

मग बाबा फोन कानाला दाबून उभे. मला वाटलं तू ठेवून दिलास. झेरॉक्सवाले काका दारात येऊन उभे होते, त्यांना मी हाताने जा म्हटलं. बाबांचा हात फोनसकट हलत होता, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने कोपर धरलं.

"येतं ना? हां. येतं म्हणालात." त्यांनी मशीनकडे बघितलं. "तुम्हाला वेळ कधी असतो? नाही नाही, तुमचं काम सोडून नको. हां... रविवारी?"

दादा, मी तेव्हा बॉबिनचा डबा हातात धरून उभी होते. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी बाहेर बघितलं, रस्त्याकडे.

"चालू असतं," ते म्हणाले. "रविवारी चालू असतं आमचं दुकान."

आणि फोन ठेवला. काकांना मोबाइल परत नेऊन दिला, आभार मानले, येऊन बसले. त्यांनी मशीनच्या बाजूला जागा केली, दुसरी खुर्ची ओढून उजेडात ठेवली, ती डगमगते का ते दाबून बघितलं. मग म्हणाले, "ते तुझ्या साइटवर रविवारी बंद लिहिलंयस, ते काढ. माणूस लांबून येतो, वाचतो आणि परत जातो."

मी आज वर्गात जाऊन ते काढलं. समासबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि नंबर?" मी म्हटलं, नंबर बरोबर आहे, बाई. त्यांनी वहीत खूण केली. नावाखालची मोकळी जागा मी तशीच ठेवली आहे. ती मी भरणार नाही, ते तुम्ही दोघं बघा. मी फक्त दमलेय आणि मला रविवारी दुपारी झोपायचं आहे, स्क्रू तू धर.

बाबांचा आवाज तू पहिल्याच शब्दाला ओळखला असशील. आणि तूही त्यांना ओळख दाखवली नसशील, हो जी, नाही जी, येतो जी, असाच बोलला असशील. एकाच मातीचे दोघे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, इथेच गल्ल्यावर ठेवते, आलास की हातात देईन. दहाला उघडतं. तुला माहीतच आहे, लोकांना तूच सांगतोस.

तुझी बहीण